मदत हवी आहे : हा देशी मांगूर की आफ्रिकन?

काल गळाला दोन फुटी मांगूर लागला. आठ मिशा, पाठीवर लांबच लांब पर, अंगावर राखाडी-काळे डाग. काढताना छातीच्या पराचा काटा अंगठ्यात घुसला, अजून ठणकतोय. देशी मांगूर सहसा एवढा वाढत नाही, म्हणून शंका आली. डोक्यामागचं हाड देशीत ‘व्ही’सारखं टोकदार, आफ्रिकनमध्ये ‘डब्ल्यू’सारखं असतं म्हणतात. मी बोटाने चाचपलं, पण जाड कातडीखाली नीट कळेना. ते नेमकं कसं बघायचं? आफ्रिकन मांगूर पाळायला २००० सालापासून बंदी आहे, तो पाण्यात परत सोडायची माझी अजिबात इच्छा नाही. पण देशी असेल तर मारायलाही जीव होत नाही. ड्रममध्ये जिवंत ठेवलाय. जाणकारांनी लवकर सांगा.