मदत हवी आहे: बॉडीवर्क गटासाठी देणग्या कशा घ्याव्यात?

माडाखाली:
म्हापशाजवळ आमचा बॉडीवर्क (मसाजसारखे स्पर्शोपचार) आणि सजग हालचालींचा गट चालतो. फी नाही, दाराशी डबा आणि एका सभासदाच्या खात्याचा क्यूआर. सीझनमध्ये हॉलचं भाडं, शिक्षकांचं मानधन सुटतं. पावसाळ्यात पाहुणे नसतात, भाडं मात्र तेवढंच. नियमित देणग्या सुरू करायच्या आहेत. येणाऱ्यांत परदेशी बरेच. सोसायटी करावी का? ८०जी (देणगीदाराला करसवलत मिळवून देणारी नोंदणी) लागेल का? माहितगारांनी कृपया सांगावं.

हिशेबनीस:
आधी तो क्यूआर उतरवा. सभासदाच्या खात्यात आलेला पैसा आयकरवाले त्याचंच उत्पन्न धरू शकतात. १८६०च्या कायद्याखाली सोसायटी करायला किमान ७ जण लागतात. नोंदणी, मग सोसायटीचं पॅन, मग खातं, हाच क्रम.

८०जी नसलं तरी देणगी घेता येते. देणाऱ्याला करसवलत मिळत नाही, एवढंच. मिळाली तरी ती जुनी करप्रणाली निवडणाऱ्यालाच, आणि रोख असेल तर २००० रुपयांपर्यंतच. १२एबी नोंदणी मात्र टाळू नका, नाहीतर सोसायटीला करमाफी नाही. (१ एप्रिल २०२६पासून नवा आयकर कायदा लागू झाल्याने कलमांचे आकडे बदललेत. अर्ज सीएकडूनच भरून घ्या.)

खरी जोखीम परदेशी पाहुण्यांची. २०१०च्या एफसीआरए (परदेशी देणग्यांच्या) कायद्याखाली नोंदणी किंवा पूर्वपरवानगी नसेल तर परदेशी नागरिकाची देणगी घेता येत नाही, मग ती रुपयांत का असेना. गोव्यात इथेच घोळ होतो: पोर्तुगीज पासपोर्ट घेतलेला आपल्याच वाड्यावरचा माणूसही परदेशी नागरिक, ओसीआय कार्ड (भारतीय वंशाच्या परदेशी नागरिकांना मिळणारं) असलं तरी. भारतीय पासपोर्टवर आखातात किंवा बोटीवर नोकरी करणाऱ्याने स्वतःच्या बचतीतून दिलेले पैसे चालतात.

म्हणून परदेशी पाहुण्यांना वर्गाची ठरलेली फी लावा आणि पावतीवर 'फी' असंच लिहा. सेवेचा मोबदला म्हणजे देणगी नव्हे. फीची पावती देणगी म्हणून कुणालाच देऊ नका. शिक्षक परदेशी असेल तर पर्यटक व्हिसावर मानधन देता येत नाही, तेही बघा.

माडाखाली:
मग डबा काढूनच टाकायचा?

हिशेबनीस:
हो. कुणी टाकले हे कळत नाही, त्यामुळे परदेशी पैसा वेगळा काढता येत नाही. शिवाय निनावी देणग्या १ लाख किंवा एकूण देणग्यांच्या ५ टक्के, यांत जे जास्त असेल त्याच्यावर गेल्या की वरच्या रकमेवर ३० टक्के कर. त्यापेक्षा पावतीपुस्तक ठेवा: नाव, पत्ता, पॅन, नागरिकत्व, रक्कम. रोख आली तर दोघांनी मोजून सही करायची आणि दुसऱ्या दिवशी बँकेत.

कुळागर:
पावसाळ्याचं गणित सीझनमध्येच करा. भाडं महिना १२,००० धरलं तर चार महिन्यांचे ४८,०००, म्हणजे उरलेल्या आठ महिन्यांत दरमहा ६,००० बाजूला. इथं बारमाही राहणाऱ्यांना महिन्याला ३०० किंवा ५०० रुपये आपोआप वळते करण्याची सूचना बँकेला द्यायला सांगा. 'गटाला मदत करा' यापेक्षा 'जुलैचं भाडं: १२,०००, जमले ७,५००' असा फलक जास्त काम करतो.

वस्तू घेताना जपून. कापसाचे लोड जूनमध्ये ओल धरतात, आतून बुरशी लागते आणि वास जात नाही. धुता येणाऱ्या खोळी मागा, चटया फरशीवर गुंडाळून न ठेवता फळीवर उभ्या ठेवा.

माडाखाली:
क्यूआर आजच काढतो. ७ जणांची यादी करायला घेतली आहे. सोसायटीच्या घटनेत उद्देश लिहिताना 'योग' शब्द घालावा का?

हिशेबनीस:
शिकवत असाल तरच घाला. १२एबी असलेल्या संस्थेच्या योगवर्गाला जीएसटी माफ आहे. मसाजला ती माफी गृहीत धरू नका. दोन्हींचे हिशेब वेगळे ठेवा. करपात्र सेवा असेल आणि वर्षाची एकूण उलाढाल २० लाखांवर गेली, तर जीएसटी नोंदणी लागेल.