मदत हवी आहे: चोरलकडे गेल्यावर फोन लागता कसा ठेवावा?
नमस्कार मंडळी. मी इंदूरला प्लॉट-जमिनीचं काम करतो. आमच्या धंद्यातल्या लोकांच्या गप्पांच्या बैठकी हल्ली चोरलकडच्या फार्महाऊसवर होतात. कुठली जमीन विक्रीला निघतेय ते तिथेच कळतं, म्हणून जावंच लागतं. पण खंडवा रोडवर सिमरोलच्या पुढे घाट लागला की माझी रेंज जाते.

इकडे एखाद्या पार्टीची रजिस्ट्री असली, की काळजी वाटते. संपदा २.० मध्ये, म्हणजे मध्य प्रदेश सरकारच्या ऑनलाइन रजिस्ट्रीच्या प्रणालीत, आधारची पडताळणी आली. वयस्कर माणसं ओटीपीला बिचकतात आणि आधी मला फोन लावतात. त्यांना एकटं सोडणं बरं वाटत नाही.

त्या पट्ट्यात कुणाचं सिम टिकतं? दुसरा नंबर ई-सिमवर घ्यावा का? फार्महाऊसच्या वाय-फायवरून वाय-फाय कॉलिंग कुणी वापरलंय का, आवाज नीट येतो का?