प्रतिसाद : ‘लॉस्ट लेगसी’तला खजिना राहून का जातो?

एकाने विचारलंय की ‘अनचार्टेड : द लॉस्ट लेगसी’ या व्हिडिओ गेममध्ये लपलेला खजिना शोधायला सोपी सोय आहे का. आहे, पण ती मिळवावी लागते. चौथ्या प्रकरणात, म्हणजे ‘वेस्टर्न घाट्स’मध्ये, होयसळ टोकनं (शोधून गोळा करायच्या वस्तू) आहेत, एकूण ११. सगळी जमली की क्वीन्स रूबी हे कंगन मिळतं. जवळपास खजिना असला की ते चमकतं आणि किणकिणतं. दहा टोकनांवर काहीच हाती लागत नाही, अर्धं बक्षीस नाही.

म्हणून ही टोकनं आधी उरका. या प्रकरणातले तीन किल्ले कुठल्याही क्रमाने करता येतात, त्यामुळे तिसऱ्यात शिरण्याआधी मोकळं फिरून घ्या. पुढचं प्रकरण सुरू झालं की तो उघडा नकाशा मागे राहतो. टोकनांच्या काही जागी कोडी आहेत, काही जागी बंडखोर, तेव्हा आधी लांबून टेहळणी करा. चिखलाच्या चढावर जीप सरळ रेटू नका, चाकं नुसती फिरतात. ताम्हिणीत पावसाळ्यात गाडी घातलेल्या पुणेकरांना हे सांगायला नको! खडकाचा पट्टा धरून तिरकं चढा.

खजिन्याच्या वस्तू मात्र नकाशावर दिसत नाहीत. थांबून कॅमेरा सावकाश फिरवला की लुकलुक दिसते, कोपऱ्यात आणि कड्यांखालीही.

सगळ्यात जास्त सुटतात ते नादीन या आपल्या साथीदारिणीबरोबरचे ऐच्छिक संवाद. तिच्यापाशी त्रिकोणाची खूण दिसली की लगेच कंट्रोलरवरचं ते बटण दाबा. पुढे निघालात की संधी गेली. गेममध्ये ठरावीक जागी काढायच्या फोटोंचंही तेच. राहिलंच काही, तर चॅप्टर सिलेक्टमध्ये (प्रकरण निवडायच्या मेनूत) प्रत्येक प्रकरणात किती बाकी आहे ते दिसतं.