कॉलेजच्या वयात परदेशी शिकलेला माणूस कायमचा बदलतो का? तुमचं मत सांगा

अंत्रूजकन्या

निकाल लागले की आपल्याकडे घरोघरी दोनच प्रश्न सुरू होतात. परदेशी पाठवायला किती लागतील, आणि तिथे नोकरी लागेल का? दोन्ही रास्त आहेत. पण मी जर्मनीत मास्टर्स करून परत आले, आता गोव्यात फोंड्यालाच काम करते, आणि माझं ठाम मत आहे की त्या शिक्षणाचा खरा परिणाम या दोन प्रश्नांत येतच नाही.

एक उदाहरण देते. तिथल्या विद्यापीठात लेखी परीक्षेचा निकाल लागला की एक दिवस ठरवून देतात. त्या दिवशी जाऊन आपला तपासलेला पेपर बघायचा. समोर तपासणारे बसलेले असतात. इथे गुण का कापले, असं सरळ विचारायचं. त्यांनी कारण द्यायचं, आणि आपलं म्हणणं बरोबर निघालं तर गुण वाढवून द्यायचे. माझ्या शेजारचा मुलगा पेन्सिलीने खुणा केलेला कागद पुढे ठेवून शांतपणे मुद्दा मांडत होता, आणि तपासणाऱ्या बाई तितक्याच शांतपणे पुस्तकाचं पान उघडून त्याला उत्तर देत होत्या. कुणाचा अपमान झाला नाही, कुणी आवाज चढवला नाही. 'सर, हे चुकीचं तपासलंय' हे वाक्य मी तोवर आयुष्यात उच्चारलं नव्हतं. आज आमच्या ग्रामसभेत जमीन रूपांतराचा विषय निघाला की मी उठून 'फाईल दाखवा' म्हणते, ते बळ तिथलं आहे.

आणि गोव्याने तर हे विसरूच नये. १८ जून १९४६ ला मडगावात राममनोहर लोहियांनी पोर्तुगीज राजवटीविरुद्ध सभा घेतली. ते गोव्यात आले होते असोळण्याच्या डॉ. ज्युलियांव मिनेझिस यांच्या घरी, तुरुंगातून सुटल्यावर विश्रांतीसाठी. या दोघांची मैत्री बर्लिनमधली, विद्यार्थिदशेतली!

बँकेतला

ताई, तुमचं सगळं खरं असेल. पण मी शैक्षणिक कर्जाच्या टेबलावर बसतो, तेव्हा मला दिसतो तो कायमचा परिणाम वेगळा आहे.

जर्मनीत सरकारी विद्यापीठांत बहुतेक ठिकाणी फी नाही, हे खरं. पण व्हिसासाठी वर्षाचे ११,९०४ युरो आधी ब्लॉक खात्यात, म्हणजे महिन्याला ठरावीकच पैसे काढता येतात अशा खात्यात, दाखवावे लागतात. बाडेन-व्युर्टेम्बर्ग राज्यात तर २०१७ पासून युरोपबाहेरच्या विद्यार्थ्यांना सेमिस्टरला १,५०० युरो फीही आहे. कर्ज साडेसात लाखांच्या वर गेलं की साधारणपणे तारण मागितलं जातं. मग वडिलोपार्जित घराचा एक-चौदाचा उतारा (गोव्यातला जमिनीच्या हक्कांचा कागद) काढायचा, तर त्यावर आजोबांच्या सगळ्या भावांची नावं. वाटणी झालेली नाही. ज्यांचं नाव आहे त्यांच्या सह्या हव्यात, आणि आपल्या गोव्याच्या कायद्यात नवरा-बायको मालमत्तेत बरोबरीचे, त्यामुळे काकांबरोबर काकूचीही सही. एका सहीवरून बोलणं बंद झालेली घरं मी पाहिली आहेत. मूल शिकून येतं, ग्रामसभेत बोलायलाही लागतं. पण त्या काकांच्या घरी पुन्हा कुणी जात नाही. हा परिणाम पण तुमच्या हिशेबात घ्या.

सत्तरीचा मास्तर

मला मुद्दाच मान्य नाही. बाय, तू ग्रामसभेत उठतेस याचा मला अभिमान वाटतो, पण श्रेय जर्मनीला का?

२००६ सालचा प्रादेशिक आराखडा आठव, गोव्यातली कुठली जमीन कशाला वापरायची ते ठरवणारा. गावोगावच्या लोकांनी त्याला असा विरोध केला की जानेवारी २००७ मध्ये सरकारला तो मागे घ्यावा लागला. त्या सभांना येणाऱ्यांत कितीतरी जण कधी गोव्याबाहेरही राहिले नव्हते. आपल्या शेताचा नकाशा आणि सर्व्हे नंबर त्यांना कळत होता, तेवढं पुरलं.

लोहिया-मिनेझिस यांचंही तेच. बर्लिनला त्या काळी किती हिंदी मुलं शिकत होती! सगळ्यांनी परत येऊन सत्याग्रह केला का? जे पेटणारे होते तेच पेटले. आणि धर्मानंद कोसंबी बघ. साखवाळचा माणूस, हाती पदवी नाही, १८९९ च्या शेवटी घर सोडलं. पुणे, काशी, नेपाळ, सिलोन असं फिरत पाली शिकला. १९१० साली अमेरिकेत हार्वर्डला गेला तो 'विसुद्धिमग्गा' या पाली बौद्ध ग्रंथाच्या कामासाठी, पंडित म्हणून बोलावणं आलं म्हणून. जिज्ञासा आधी होती, परदेश नंतर आला.

वाळपई२२

मास्तरांशी सहमत. घर सोडून राहिलं की माणूस शहाणा होतो, त्याला पुण्याचं वसतिगृहही पुरतं. कपडे धुणं, खानावळीचे पैसे वाचवणं, तापात एकटं पडणं, सगळं तिथेही होतंच की.

अंत्रूजकन्या

मास्तर, कोसंबींचं उदाहरण तर माझ्याच बाजूने जातं. साखवाळात बसून पाली येत नव्हती म्हणूनच त्यांना सिलोन गाठावं लागलं ना?

पण पुण्याचा मुद्दा महत्त्वाचा आहे, त्यावर सविस्तर लिहिते. पुण्यात मी परकी नव्हते. भाषा माझी, सण माझे, मावशी कोथरूडला. जर्मनीत मात्र राहण्याचा परवाना वाढवायचा तर परकीयांच्या कार्यालयात जावं लागतं. सकाळी थंडीत रांग. हातात फाईल: विम्याचा कागद, घरभाड्याचा करार, बँकेचं खातं, विद्यापीठाचं पत्र. एक कागद कमी पडला की नवी तारीख. काचेपलीकडची बाई वाईट नव्हती, पण तिच्या लेखी मी एक नंबर होते, आणि माझं पुढचं वर्ष तिच्या शिक्क्यावर अवलंबून होतं.

आपण गोव्यात 'भायले', म्हणजे बाहेरचे, हा शब्द किती सहज वापरतो! बांधकामावर आलेली कर्नाटकातली, झारखंडातली माणसं, त्यांची पोरं शाळेत आली की होणारी कुजबुज. 'घाटी' म्हणून तर हसत-हसत बोलतात. मी तिथे 'भायली' होते. परत आल्यापासून तो शब्द माझ्या तोंडून निघालेला नाही, आणि समोर कुणी काढला तर मी गप्प बसत नाही. पुण्याच्या वसतिगृहात हे मला कळलं नसतं, कारण तिथे मी बहुसंख्यांतलीच होते.

दोन सेमिस्टर पुरे

पूर्ण पदवी बाहेर करायचा हट्ट कशाला? युरोपातली मुलं १९८७ पासून इरास्मस योजनेत एखाद-दुसरं सेमिस्टर दुसऱ्या देशात काढून आपल्या कॉलेजात परततात. तसे करार आपल्या कॉलेजांनी करावेत. अंत्रूजकन्या सांगते तो अनुभव मिळेल आणि घर गहाण पडणार नाही.

माशेलची आई

इथे सगळे शिकलेल्यांबद्दल बोलतात, घरी राहिलेल्यांचं कुणी काढत नाही म्हणून लिहिते.

माझा मुलगा कॅनडात शिकला आणि तिथेच राहिला. चवथीला येतो. मी गणपतीच्या वरची फळा-वेलींची माटोळी बांधायला घेते, तो उत्साहाने पुढे येतो, पण कुठलं फळ कुठे आणि कुठली वेल रानातून आणायची, हे आता त्यालाच मला विचारावं लागतं. पूर्वी तोच वडिलांबरोबर रानात जायचा. वागायला गोड आहे, माझी काळजीही करतो, उलट आधीपेक्षा जास्त समजूतदार झालाय. पण गावात कुणाचं काय चाललंय यात त्याचं मन नाही. नणंदेच्या मुलाने तर लिस्बनला आजोबांची जन्मनोंद करून पोर्तुगीज पासपोर्ट घेतला, भारताचं नागरिकत्व गेलं. कोर्स दोन वर्षांचे, बदल जन्माचा. अंत्रूजकन्या, तू परत आलीस म्हणून तुझा अनुभव गावाला मिळाला. जी मुलं परतत नाहीत त्यांच्याबद्दल काय म्हणशील?

सत्तरीचा मास्तर

माशेलच्या ताईंनी नेमकं विचारलं. 'भायले' बद्दलचं मला पटलं, ते मी माझ्या वर्गात सांगेन. पण शिकून बाहेर राहिलेल्यांच्या डोळ्यांना जे दिसलं, त्याचा आमच्या सत्तरी तालुक्याला उपयोग काय?

अंत्रूजकन्या

ताई, तुमच्या प्रश्नाला माझ्याकडे गुळगुळीत उत्तर नाही. मी परतले कारण बाबा एकटे होते आणि इथे काम मिळालं. काम मिळालं नसतं तर मीही तिथेच असते. म्हणून मुलांना जाऊ नका म्हणण्यापेक्षा परत आल्यावर त्यांच्या शिक्षणाला शोभेल असं काम गोव्यात आहे का, हे आपण विचारायला हवं. आणि बँकेतल्या दादांनी सांगितलेला सह्यांचा प्रश्न खरा आहे. आमच्याकडे काकूने सही करायला चार महिने लावले होते, आणि मी आजही त्यांच्याकडे जाते.

बँकेतला

तुम्ही जाता हे चांगलंच. पण पुढच्या वेळी कुणी सल्ला विचारला तर ते चार महिनेही सांगा. लोक अर्ज घेऊन येतात तेव्हा त्यांना विद्यापीठाचं नाव पाठ असतं, उताऱ्यावर कुणाची नावं आहेत हे ठाऊक नसतं.