जांघेतल्या धमनीचं भोक क्लिपने बंद करताना: कोणाला लावायची, कुठे अडते, घरी काय सांगायचं?

प्रश्न | कॅथलॅब टेक्निशियन, जळगाव

नमस्कार मंडळी. जांघेतून अँजिओग्राफी किंवा अँजिओप्लास्टी झाली की आमच्याकडे शीथ (धमनीत घातलेली नळी) काढून हातानेच दाब देतात. आता ६ फ्रेंचच्या शीथसाठी (फ्रेंच म्हणजे नळीच्या जाडीचं माप) धमनीचं भोक बंद करणारी निटिनॉलची, म्हणजे निकेल-टायटॅनियमच्या मिश्रधातूची, क्लिप सुरू करायचं चाललंय, स्टारक्लोज पद्धतीची. डेमो रबराच्या नळीवर झाला. त्यात चरबी नाही, कॅल्शियम नाही, जुना व्रण नाही, त्यामुळे खरी अडचण कुठे येते ते कळलं नाही. तीन गोष्टी विचारायच्या आहेत. कोणत्या पेशंटला क्लिप नकोच? लावताना नेमकी कुठे अडते? आणि रावेर, यावल, चोपड्याकडचे पेशंट एसटीने घरी जातात, त्यांना लवकर सोडताना काय सांगायचं?

उत्तर १ | इंटरव्हेन्शन विभाग, धुळे

दादा, क्लिप बसणार की नाही हे पाकीट फोडायच्या आधीच ठरलेलं असतं. सुई कुठे लागली, यावर सगळं आहे. कॉमन फेमोरल, म्हणजे जांघेतली मुख्य धमनी, मांडीच्या हाडाच्या गोल डोक्यासमोरून जाते. तिथे टोचलं असेल तर मागे हाडाचा आधार मिळतो. त्याच्या फार वर, इन्ग्वायनल लिगामेंटच्या (जांघेतल्या पट्ट्याच्या) पलीकडे गेलात तर रक्त पोटामागच्या पोकळीत उतरतं आणि बाहेर काहीच दिसत नाही. फार खाली, धमनी दोन भागांत फुटते त्या फाट्याच्या पुढे लागली तर स्यूडोअ‍ॅन्युरिझम (गळालेल्या रक्ताचा धडधडणारा गोळा) किंवा शीर-धमनीचा फिस्टुला (दोघींतली नको ती जोडणी) व्हायची शक्यता वाढते.

म्हणून क्लिप आणि प्लग (भोक बुजवणारं बूच) वापरायच्या आधी शीथमधून ३ ते ५ मिली डाय (एक्स-रेत दिसणारं औषध) हाताने देऊन एक शॉट घ्याच. उजव्या जांघेला आरएओ ३० अंश (कॅमेरा उजवीकडे तिरका), डाव्याला एलएओ ३० (डावीकडे तिरका), म्हणजे फाटा उलगडून दिसतो. त्या शॉटमध्ये तीन गोष्टी बघायच्या: टोचलेली जागा फाट्याच्या वर आहे का, धमनीचा व्यास ५ मिमी तरी आहे का, आणि समोरच्या भिंतीत कॅल्शियमचा पत्रा आहे का. कॅल्शियमवर क्लिपचे दात रुतत नाहीत, क्लिप वरच्यावर बसते आणि गळती चालू राहते. यातलं एक जरी जमत नसेल तर हाताने दाबा. एकाच जागी अनेकदा टोचलं असेल, मागची भिंतही भेदली असेल, जांघेत आधीच रक्त साचलं असेल, तरी क्लिप नकोच.

निकेलची अ‍ॅलर्जी आवर्जून विचारा. निटिनॉलमध्ये वजनाने निम्म्याहून जास्त निकेल असतं. बायकांना ‘खोटे दागिने घातले की खाज सुटते का’ असं विचारलं तर उत्तर पटकन मिळतं.

पुरावा किती आहे तेही सांगतो, कारण विकताना बरंच वाढवून सांगतात. २०१४ च्या इसार-क्लोजर चाचणीत ४,५२४ पेशंट होते, निदानाची अँजिओग्राफी झालेले. त्यात क्लिप नव्हती, दुसऱ्या प्रकारची दोन साधनं होती, पण प्रश्न हाच होता. गुंतागुंत साधनांच्या गटात ६.९ टक्के, हाताने दाबलेल्यांत ७.९ टक्के. म्हणजे साधन दाबण्यापेक्षा वाईट ठरलं नाही, एवढंच. फरक पडला तो वेळेत: रक्त थांबायला १ मिनिट विरुद्ध १० मिनिटं. पेशंट लवकर उठतो, कंबर आखडत नाही, हा फायदा खरा आहे. ‘क्लिप लावली म्हणजे रक्तस्राव होणारच नाही’ हे मात्र कोणी सांगितलं तर ऐकू नका.

उत्तर २ | स्क्रब नर्स, नाशिक (मूळ शिरपूर)

अडते ती बहुतेक वेळा कातडीत. शीथसाठी दिलेला छेद २-३ मिमीचा असतो आणि क्लिपची नळी त्यातून आत जाऊ शकत नाही. छेद ५ ते ७ मिमी करा आणि सरळ आर्टरी फोर्सेप्सने शीथच्या वरच्या बाजूची चरबी नीट फाकवा. कंटाळा करू नका. बोटाला मार्ग मोकळा लागला पाहिजे. हे केलं नाही तर तिसऱ्या पायरीला (क्रम खाली सांगते) अंगठ्याखालचा स्लायडर मध्येच घट्ट होतो. मग माणूस जोर लावतो आणि क्लिप धमनीऐवजी चरबीत नाहीतर कातडीतच बसते. जोर लावायचाच नाही. मार्ग पुन्हा मोकळा करायचा.

आता क्रम. आधी वायरवरून (धमनीत घातलेल्या तारेवरून) कामाची शीथ काढून क्लिपसोबत येणारी शीथ घाला. साधन शीथमध्ये ‘टक्’ आवाज येईपर्यंत ढकला. मग मागचं बटण दाबलं की धमनीच्या आत छोटे पंख उघडतात, दुसरा ‘टक्’. साधन हळू मागे ओढत या. पंख आतून भिंतीला टेकले की बोटाला हलकी अडवणूक लागते, विहिरीतल्या बादलीचा काठ कपारीला लागावा तशी. तिथेच थांबा. आणखी ओढाल तर पंख भिंतीतून निसटतात. आता अंगठ्याने स्लायडर शेवटपर्यंत पुढे न्या. याच वेळी शीथ चिरत जाते, तिसरा ‘टक्’. मग साधन थोडं उभं करा, किंचित खाली दाब ठेवा, क्षणभर थांबा आणि ट्रिगर दाबा. चौथ्या आवाजासोबत क्लिप धमनीच्या बाहेरच्या भिंतीवर बसते आणि पंख आपोआप मिटतात. आवाज मोठ्याने मोजायची सवय लावा, आम्ही टेबलवर ‘एक, दोन’ असं म्हणतोच.

कातडीच्या छेदातून थोडं रक्त झिरपतं, त्याला घाबरू नका. २-३ मिनिटं दोन बोटांनी हलकं दाबलं की थांबतं. धडधडत, लालभडक आलं तर क्लिप बसलेली नाही. दुसरी क्लिप लावत बसू नका, सरळ हाताने दाबा.

आणि एक: साधन उघडायच्या आधी हातमोजे बदला, जांघ पुन्हा पुसा, नवी चादर घाला. ही वस्तू कायमची आत राहणार आहे. तास-दीड तास चाललेल्या केसनंतर तेच मोजे वापरणं धोक्याचं, मधुमेह असेल तर जास्तच.

प्रश्नकर्ता | जळगाव

फार उपयोगाचं, ताई. क्लिप फसली आणि हेपरिन (रक्त गोठू न देणारं औषध) चढलेलं असेल तर किती वेळ दाबायचं? आणि आमच्याकडे काही घरांत कोलॅजनच्या साधनाला नकार आला होता, त्यांना क्लिप चालेल का?

उत्तर १ | इंटरव्हेन्शन विभाग, धुळे

ठरवून शीथ काढताना एसीटी (रक्त गोठायला लागणारा वेळ) १८० सेकंदांच्या खाली येऊ द्या, बरेच जण १५० धरतात. क्लिप फसल्यावर ती सोय नसते, त्यामुळे दर फ्रेंचला ३ मिनिटं हा हिशोब कमी पडतो. ६ फ्रेंचला १८-२० ऐवजी ३० मिनिटं तयारीत ठेवा. सुई तिरकी जाते, म्हणून धमनीचं भोक कातडीच्या भोकापेक्षा १-२ सेंमी वर असतं. बोटं तिथे हवीत. नवीन मुलं छेदावरच दाबतात आणि रक्त आत साचत राहतं. पावलाची नाडी पहिली २-३ मिनिटं दबली तर चालेल, त्यानंतर ती हाताला लागलीच पाहिजे. दाबताना नाडी ४० पर्यंत उतरली, घाम फुटला, तर पाय वर, सलाइन जोरात, अ‍ॅट्रोपिनची ०.६ मिग्रॅची अँपुल (नाडी वाढवायला) हाताशी.

कोलॅजनबद्दल: अँजिओ-सील या भोक बंद करायच्या साधनातलं कोलॅजन (प्राणिज प्रथिन) गोवंशातून घेतलेलं असतं, आणि बीफची अ‍ॅलर्जी असल्यास तेही नको. घरच्यांना हे आधीच सांगणं आपलं काम आहे. क्लिप नुसती धातूची, त्यात प्राणिज काही नाही. प्रोग्लाइड हे आणखी एक साधन पॉलिप्रॉपिलीनच्या (प्लास्टिकच्या) टाक्याने बंद करतं, तेही चालेल.

उत्तर ३ | वॉर्ड सिस्टर, भुसावळ

सोडण्याबद्दल मी सांगते. निदानाच्या अँजिओग्राफीनंतर क्लिप नीट बसली असेल तर साधारण २ तासांनी उठवतात. अँजिओप्लास्टीनंतर डॉक्टर सांगतील तेव्हा. पहिला तास दर १५ मिनिटांनी जांघ हाताने चाचपायची. नुसतं पांघरूण उचलून बघू नका. कडक गोळा, पावलाची नाडी, पायाचा गारवा, तिन्ही लिहा. कंबर किंवा कुशीत दुखतंय, बीपी उतरतंय आणि जांघ मात्र साफ, तर लगेच डॉक्टरांना बोलवा, पोटामागे रक्त जात असू शकतं.

‘जड उचलू नका’ म्हटलं तर आपल्याकडे कोणी ऐकत नाही, नेमकं सांगा. केळीचा घड २०-२५ किलोचा, तो आठवडाभर नाही. पाण्याची कळशी नाही. गाडीला किक मारायची नाही. उकिडवं बसायचं नाही, म्हणून शौचाला कमोडची खुर्ची बघून ठेवायची. खोकला-शिंक आली तर तळहाताने जांघ दाबून धरायची. पायजम्याची नाडी आणि धोतराची गाठ त्या जागेवर नको. उन्हाळ्यात इकडे पारा ४५ ला टेकतो, जांघेत घाम साचतो, म्हणून दुसऱ्या दिवसापासून साबण-पाण्याने धुऊन कोरडी पुसायची, वर पावडर किंवा हळद लावायची नाही. नदी-विहिरीत उतरायचं नाही.

एसटीत खिडकीशी पाय दुमडून दोन तास बसण्यापेक्षा पाय लांब करता येईल अशी जागा मागा. नातेवाइकाला दाबायची जागा बोट ठेवून दाखवा, वाटेत रक्त आलं तर आडवं झोपवून तिथे दाबायचं आणि १०८ लावायचा. आणि स्टेंट बसला असेल तर थोडं निळं पडलं म्हणून क्लोपिडोग्रेल, टिकाग्रेलॉर (गुठळी होऊ न देणाऱ्या गोळ्या) स्वतःहून बंद करायचं नाही, हे त्यांच्याकडून परत म्हणवून घ्या.

आठवड्याने धडधडणारा गोळा लागला तर डॉप्लर (रक्तप्रवाह दाखवणारी सोनोग्राफी). २ सेंमीहून लहान स्यूडोअ‍ॅन्युरिझम पुष्कळदा आपोआप बुजतो, मोठ्याला सोनोग्राफीखाली थ्रॉम्बिन (रक्त गोठवणारं औषध) देतात.

उत्तर २ | स्क्रब नर्स, नाशिक (मूळ शिरपूर)

सिस्टरांच्या यादीत एक घाला: क्लिपचं कार्ड. पुढे एमआरआयची वेळ आली की विचारतात. ३ टेस्लापर्यंत (एमआरआयच्या चुंबकाची ताकद) ठरलेल्या अटींवर चालतं, पण कार्ड नसेल तर तिथला माणूस परत पाठवतो. कार्ड डिस्चार्जच्या कागदाला पिनने लावा, आणि कोणती जांघ, कोणती तारीख ते मराठीत लिहा.