हॅलोजनच्या हेडलाईटमध्ये एलईडी बल्ब: आपल्याला दिसतं, पण समोरच्याला?

ऊसपट्टा

गेल्या आठवड्यात रात्री साडेनऊला कराडहून विट्याकडे येत होतो. कडेगावच्या अलीकडे समोरून एक गाडी आली, हेडलाईट पांढरेफेक. मी अप्पर-डिप्पर केलं, तर त्याने एकदा अप्पर मारून दाखवला. म्हणजे गाडी आधीपासून डिप्परवरच होती! दोन-तीन सेकंद माझ्यापुढचा रस्ता गायब. दिसायला लागलं तेव्हा तीस-चाळीस फुटांवर उसाची ट्रॉली. मागे दिवा नाही, रिफ्लेक्टर नाही, बाहेर लोंबणारं वाढं (उसाचे शेंडे) तेवढं दिसलं. पाय आधीच ब्रेकवर होता म्हणून वाचलो. गाडी साइडपट्टीवर उतरली आणि वाढ्याची पाती आरशाला घासून गेली.

तेव्हापासून डोक्यात हाच विषय आहे. गाडीचा उजेड कमी वाटला की दुकानदार पहिली गोष्ट काढतो ती एलईडी बल्बची. माझं म्हणणं, ज्या हेडलाईटची रचना हॅलोजनसाठी झाली आहे त्यात हॅलोजनच घाला. आपल्याकडच्या बऱ्याच गाड्यांत एच4 बल्ब असतो, 60/55 वॉटचा. काढून हातात घ्या आणि नीट बघा (काचेला बोट लावू नका, तेलकट डाग राहिला की तिथे काच जास्त तापते आणि बल्ब लवकर जातो). आत दोन फिलामेंट दिसतील. डिप्परच्या फिलामेंटखाली पत्र्याची छोटी वाटी असते. ती खालच्या बाजूचा उजेड अडवते, म्हणून हेडलाईटच्या आतल्या चकचकीत रिफ्लेक्टरचा वरचा भागच वापरला जातो आणि झोत रस्त्यावर खाली पडतो. फिलामेंट मिलिमीटरभर जरी सरकलं तरी झोत बिघडतो. एलईडीचे चिप दोन बाजूंना चिकटवलेले असतात, मधे ॲल्युमिनियमची पट्टी. रिफ्लेक्टरला जिथून उजेड हवा तिथून तो निघतच नाही आणि वर, आजूबाजूला फेकला जातो.

बदलायचाच तर नामांकित कंपनीचा, 60/55 वॉटचाच, जास्त उजेडाचा हॅलोजन घ्या. फिलिप्स, ओसराम दोघांचेही मिळतात. त्यांचं फिलामेंट जास्त तापतं, त्यामुळे ते साध्या बल्बपेक्षा लवकर जातात, हे धरून चला. निळसर काचेचे घेऊ नका, ती काच उजेड खाते.

दर्यावर्दी

अनुभवाबद्दल वाईट वाटलं, पण सरसकट विधान पटत नाही. मी राजापूर तालुक्यातला. आमच्या गावच्या रस्त्याला पट्टे नाहीत, खांब नाहीत, वळणावर गुरं बसलेली असतात. समोरून गाडी येते अर्ध्या तासाला एक. कंपनीच्या हॅलोजनमध्ये काळी म्हैस दिसायची ती अगदी जवळ गेल्यावर. दोन वर्षांपूर्वी एलईडी टाकले, आता लांबून दिसते. त्या अर्ध्या तासातल्या एका गाडीसाठी मी आंधळेपणाने गाडी चालवायची का?

वायरमन

ऑटो इलेक्ट्रिकचं काम करतो, बावीस वर्षं झाली. दर्यावर्दी, तुमचा बल्ब कमी पडत होता की बल्बला करंट कमी पडत होता, हे आधी तपासलं होतं का? परवा एक आठ वर्षांची गाडी आली. इंजिन चालू, बॅटरीवर 13.8 व्होल्ट आणि हेडलाईटच्या कपलरला 11.4. मधली सगळी वायर, स्विच आणि गंजलेली अर्थिंगची जोडणी व्होल्टेज खात होती. ती जोडणी घासून घट्ट केली, रिले (बटणाच्या इशाऱ्यावर बॅटरीचा करंट थेट दिव्याला सोडणारा छोटा स्विच) घालून बॅटरीवरून थेट लाइन दिली, 13.2 मिळाले. हॅलोजनचा उजेड व्होल्टेजच्या सरळ प्रमाणात पडत नाही, फार वेगाने पडतो. 13.2 चे 11.4 झाले की जवळजवळ 40 टक्के उजेड गेला समजा. बल्ब तोच ठेवला होता, मालक म्हणाला, नवा टाकलात का?

दुसरं म्हणजे 100/90 वॉटचे बल्ब कुणी टाकू नका. दोन बल्ब मिळून साडेसोळा अँपिअर ओढतात, मूळ वायरिंग दहाच्या हिशेबाने केलेलं असतं. वितळलेले होल्डर आणि करपलेले रिफ्लेक्टर माझ्याकडे दर महिन्याला येतात. शिवाय ते नियमात बसत नाहीत.

दुचाकीस्वार

मी रोज रात्री पाळी संपवून चाकणहून मोशीला मोटरसायकलवर येते. हेल्मेटच्या काचेवर ओरखडे असतात, समोरून एलईडी आला की सगळी काच पांढरी होते. खड्डा, वाळू, दुभाजकाचं टोक, काही दिसत नाही. चारचाकीवाल्याला दोन सेकंद दिसलं नाही तर पत्रा तरी आहे. दर्यावर्दी, तुमच्या अर्ध्या तासातली ती एक गाडी म्हणजे मी असू शकते.

दर्यावर्दी

ताई, तुमचं म्हणणं मनाला लागलं. पण मग वाहन कंपन्यांनाही विचारा ना! वरच्या मॉडेलला एलईडी प्रोजेक्टर, खालच्या मॉडेलला मिणमिणता दिवा. गाव तेच, रस्ता तोच. सुरक्षितता पैशावर का ठरावी? माणूस बाराशे-पंधराशेचे बल्ब टाकतो तो चैन म्हणून नाही.

ऊसपट्टा

या मुद्द्यावर मी पूर्ण तुमच्या बाजूने आहे. खालच्या मॉडेलमध्ये हेडलाईटवर काटकसर करणं चूकच.

नेकारकाठ

जर्मनीत श्टुटगार्टजवळ राहतो. एलईडी म्हणजेच वाईट, असं नाही. इथे ओसरामचा हॅलोजनच्या जागी बसणारा एलईडी 2020 पासून रस्त्यावर कायदेशीर आहे, पण ज्या गाडीच्या ज्या हेडलाईटमध्ये तपासून मान्यता दिली त्यातच. यादीत तुमचं मॉडेल नसेल तर तोच बल्ब तुमच्या गाडीत बेकायदा. दुकानात कुणी 'कुठल्याही गाडीला बसतो' म्हणत असेल, तर तो होल्डरमध्ये बसण्याबद्दल बोलतोय, झोताबद्दल नाही.

बत्तीस वर्षे स्टेअरिंग

एसटीतून निवृत्त झालो. आमच्या काळी हेडलाईटच्या काचेवर काळा ठिपका रंगवलेला असायचा, चकाकी कमी व्हावी म्हणून. पिवळ्या उजेडात आंबोली, फोंडा, कुंभार्ली हे घाट रात्री उतरलो आहे. धुक्यात अप्पर लावला की समोर भिंत उभी राहते, बल्ब कसलाही असो. आणि पावसात या पांढऱ्या एलईडीचा उजेड ओल्या डांबरावर पडला आहे की नाही, तेच कळत नाही.

बल्बवर सगळे बोलताहेत, वेगावर कुणी बोललं नाही. 80 च्या वेगाला गाडी सेकंदाला 22 मीटर जाते. डिप्परमध्ये नीट दिसतं 50-60 मीटर. पाय ब्रेकवर जाईपर्यंतच त्यातलं बरंच अंतर संपतं. बिनदिव्याची ट्रॉली कुठल्याही बल्बने वेळेत दिसणार नाही, वेग 50-55 वर आणला तरच थांबता येईल.

दर्यावर्दी

काका, मान्य. पण गावात बाळंतीण घेऊन रत्नागिरी गाठायची असते तेव्हा 50 चा वेग पाळवत नाही.

वायरमन

मग जादा दिवे लावा, बंपरवर, वेगळ्या बटणावर. रस्ता मोकळा असेल तेव्हा पेटवायचे, समोरून गाडी दिसली की बंद. झोत लांब जाणारे घ्या. गाडीच्या पुढ्यात पसरट, भगभगीत उजेड पडला की बुबुळ आकसतं आणि लांबचं उलट कमी दिसतं.

आणि आज रात्री एक करा. सपाट जागेवर गाडी भिंतीपासून 10 मीटरवर उभी करा, लेव्हलरचं (झोत वर-खाली करायचं) चाक शून्यावर, डिप्पर चालू. दिव्याच्या मध्याच्या उंचीवर भिंतीवर खडूची रेघ मारा. झोताची वरची कड त्या रेघेच्या साधारण 10 सेंटीमीटर खाली हवी आणि डावीकडे थोडी वर चढलेली हवी. ती चढण आपल्या बाजूने चालणाऱ्या माणसांसाठी असते. आधी एलईडीवर बघा, मग जुना बल्ब लावून बघा. हेडलाईटची काच पिवळी पडली असेल तर तीही पॉलिश करून घ्या.

दर्यावर्दी

शाळेच्या भिंतीवर केलं. हॅलोजनची कड स्पष्ट आली, डावीकडची चढणसुद्धा. एलईडीला कडच नव्हती, पांढरा धूर वर खिडकीच्या चौकटीपर्यंत. मग धाकट्या भावाला स्कूटरवर समोर बसवलं, माझ्या गाडीच्या बाजूला वडील उभे राहिले. भाऊ म्हणाला, एलईडी लावल्यावर बाबा दिसतच नाहीत. ते तीन फुटांवर उभे होते.

हेडलाईटमधले एलईडी काढतोय. बंपरवरच्या दिव्यांसाठी मात्र एलईडीच घेणार, ते वेगळ्या बटणावर. वायरमन, रिले किती अँपिअरचा टाकू?

वायरमन

30 चा. फ्यूज बॅटरीच्या अगदी जवळ घ्या आणि वायर बोनेटच्या कडेला घासणार नाही अशी बांधा.