एमआरआयमध्ये 'गादी झिजली' आलंय? अनुभव लिहा

कृष्णाकाठची: काल जावेचा रिपोर्ट आला. एल४-एल५ला डिजनरेशन, म्हणजे कमरेच्या चौथ्या-पाचव्या मणक्यांमधली गादी झिजलीय. घरात सुतक असल्यागत सगळे गप्प. मला आमचे आप्पा आठवले. मिरजेत कुणीतरी 'गादी झिजली' म्हणालं, तेव्हापासून त्यांनी उसात पाऊल ठेवलं नाही. दुखायचं थांबलं तरी पट्टा सुटला नाही. वेल्क्रोचा चर्र आवाज आला की आम्ही ताट वाढायचो, जेवायच्या आधी ते पट्टा सैल करायचे. तुमच्याकडे काय झालं?

तासगावकर: आमच्यात सगळ्यांचीच झिजलीय, गादीवाला शोधा आता 😀

फिजिओ_कराड: 2015च्या एका आढाव्यात कंबर अजिबात न दुखणाऱ्यांचे स्कॅन पाहिले होते. विशीतल्या 37 टक्के आणि ऐंशीतल्या 96 टक्के लोकांत झीज! पिकलेले केसच म्हणा. पन्नाशीच्या आत मात्र दुखणाऱ्यांत झीज जास्त दिसते, म्हणजे अगदीच संबंध नाही असंही नाही. फक्त रिपोर्टवरून दुखण्याचं कारण ठरत नाही. लघवी अडली, बसायची जागा बधिर झाली, पाऊल उचलेना, तर त्याच दिवशी दवाखाना गाठा.

साताऱ्याची_सून: मला तर 'मणक्यात गॅप आलाय' म्हणून थेट ऑपरेशनच सांगितलेलं. सासूबाई म्हणाल्या, आधी दुसऱ्याला दाखव. दुसऱ्यांनी चालायला लावलं. आता यवतेश्वरचा घाट चढून जाते. सासूबाई अजून ऐकवतात ते वेगळं.

तासगावकर: घाटात गाडी आदळून आमची कंबर जाते आणि तुमची बरी होते, कमाल आहे

हळदबाजार: मामा सांगलीच्या यार्डात जन्मभर पोती वाहायचे, कधी हाय केली नाही. मी बँकेत एसीत बसून वाकडा. ह्याचं काय?

फिजिओ_कराड: @हळदबाजार, फिनलंडमध्ये जुळ्या भावांवर अभ्यास झालाय. झिजेत ओझ्यापेक्षा आनुवंशिकतेचा वाटा मोठा निघाला.

हळदबाजार: मग मामाचं माझ्यात कायच नाही आलं. टक्कल तेवढं आलं.

माहेर_विटा: आईसाठी पट्टा बघतेय, कुठला घेऊ?

फिजिओ_कराड: आधी तपासून घ्या. पट्टा लागला तरी थोडेच दिवस. झोपून राहू देऊ नका, जमेल तेवढं घरात फिरू दे.

माहेर_विटा: फिरू दे काय, चटणीचा सीझन आहे, बसतच नाही ती

कृष्णाकाठची: विट्यात मिरची काय भावानं मिळाली गं? इथं लई चढलीय. जावेला वाचून दाखवते हे सगळं, कुकर उतरवून येते.